हाफ डुप्लेक्सवर तीन दिवस

शहाद्याहून नंदुरबारला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक शेतकरी जोडपं बसलं होतं.

“नेटवाला म्हने, तुमना कॉम्प्युटरमा हाफ डुप्लेक्स शे, म्हनीसन नेट रांगस. फुल करा म्हने. हाफ कोनी कयं?” बाईंनी नवऱ्याला विचारलं.

“मी.”

“का बरं?”

“हाफमा एक बाजू बोलस तवय दुसरी थांबस. फुलमा दोन्ही संगेच. केळीले पानी सोडतांना आपन सगळा व्हॉल्व्ह संगे उघाडतस का? प्रेशर ऱ्हास का मंग?”

“इंटरनेट काय ठिबक शे?”

“पाइप तं शे ना.”

“तुमना त्या पाइपपायी तीन दिनपाईन मन्हं तोंड बंद शे. सुरतहून पोरगी व्हिडिओवर दिखनी, मी तोंड उघाडं, का तुम्ही लगेच म्हंतस, ‘थांब, तिनी बारी शे.’”

“मंग? तीन दिनमा काही ऐकू उनं का?”

बस प्रकाशाच्या पुलावर आली. बाईंनी खिडकीतून तापीत एक नाणं टाकलं.

“उनं. हेमांगी अखाजीना सनले माहेरले येवाव शे.”

“ते ती होळीपाईन सांगी ऱ्हायनी.”