अर्ध्या गल्ल्यांची निवडणूक

...आणि वर लोक मलाच विचारतात, "तुम्ही घरात असताना बायको देशाची पंतप्रधान झालीच कशी?" झालीच कशी म्हणजे? मला काय विचारून झाली? मी दातांचा डॉक्टर, जन्मभर लोकांना "आ करा" म्हणत आलो, आणि तुम्हाला सांगतो, ती बातमी ऐकून माझाच आ वासला तो अजून मिटलेला नाही! साधा प्रयोग होता हो, साधा प्रयोग!

आमची ही बुरशीवर संशोधन करायची. बुरशी! लोक टाकून देतात, ही जपायची. प्रयोगशाळेची वीज सारखी जायची, एकदा गेली ती दोन दिवस आलीच नाही आणि हिची सगळी बुरशी नासली... बुरशीसुद्धा नासते, हे मला तेव्हा कळलं! ही तरातरा नगरसेवकाकडे. तो खुर्चीतून न हलता म्हणतो, "बाई, एवढी तळमळ आहे तर स्वतःच उभ्या राहा की!" राहिली! मला म्हणाली, "अहो, एकच निवडणूक. वीज नीट झाली की मी घरी." मी भोळा, हो म्हणालो.

प्रचार सुरू झाला तर हिने गावाचा नकाशा पसरला आणि अर्ध्या गल्ल्यांवर फुल्या मारल्या. "इथे भाषणं करायची. तिथे फिरकायचंसुद्धा नाही." प्रचारप्रमुखाला घाम फुटला. "मॅडम, अर्धं गाव वाऱ्यावर सोडायचं?" तर ही थंडपणे, "मग भाषणाचा उपयोग होतो की नाही, हे ताडून कसं बघणार?" अहो, निवडणूक आहे की उंदरांचा पिंजरा? पण ऐकेल तर शपथ! निकाल लागला... जिथे जिथे ही बोलली तिथे पार धुव्वा, आणि जिथे फिरकली नाही तिथे मतंच मतं! बेरजेत निवडून आली. दुसरी कोणी असती तर खजील झाली असती, ही स्वयंपाकघरात नाचली! "अहो, माझ्या बोलण्याने मतं जातात! सिद्ध झालं!" साधा प्रयोग होता हो!

तेव्हापासून तोंडाला कुलूप. एकही भाषण न करता थेट संसदेत! तिथे बाकीचे घसा फोडतायत आणि ही चष्म्यातून एकेकाला न्याहाळतेय. लोक कुजबुजले, "बाई खोल आहेत!" कसली खोल? तो चेहरा मी ओळखतो, बुरशी आठवत असायची तिला! मग हिच्या सत्ताधारी पक्षात पंतप्रधानपदावरून जुंपली, सगळ्यांनी सगळ्यांचे वाभाडे काढले, आणि जिने कुणाला चकार शब्द ऐकवला नव्हता अशी एकच उरली. कोण? अहो, हीच!

मी फोन केला. "अगं, वीज आता जात नाही. घरी कधी येतेस?" खोटं कशाला सांगू, घर खायला उठतं हो... एकट्याने चहा केला तरी सवयीने दोन कप भरतात. तर म्हणते, "अहो, एकदा आलेला निकाल खरा मानायचा नसतो. प्रयोग पुन्हा करून बघायला हवा." पुन्हा! म्हणजे आणखी पाच वर्षं! साधा प्रयोग म्हणे!

म्हणून मंडळी, आज विरोधी पक्षाच्या या व्यासपीठावर तिचा सख्खा नवरा हात जोडून उभा आहे. हिला पाडा! कृपा करून पाडा! मला माझी बायको परत हवीय हो!... टाळ्या कसल्या वाजवताय? काय म्हणालात आजोबा? "नवरा एवढा झुरतोय म्हणजे बाई गुणाचीच असणार"? अहो, आहे गुणाची, पण... मावशी, तुम्ही तरी... तुम्हीपण तिलाच? सगळेच? अरे, हात खाली करा!...

उमेदवारसाहेब, डोक्याला हात लावून बसलात? सरका जरा... मीही बसतो.