ताग्यांचा फोटो

वारलेल्या बायकोचं सामान न्यायला आलेला म्हातारा दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी कापडवाला आणि त्याची पुतणी होती. कापडवाल्याची बायको आत ऑपरेशनच्या खोलीत होती.

"दुकान बंद होतंय, उरलेले तुकडे फुकट, एवढंच मोबाइलवर टाक म्हणालो होतो ना तुला?" कापडवाला पुतणीला म्हणाला.

"तेवढंच लिहिलं, काका. फोटो तेवढा कापडाच्या अख्ख्या ताग्यांचा टाकला. तुकड्यांचा बरा दिसेना."

"अगं, मग अख्खं गाव लोटणारच की! मला वाटलं, शटर अर्धं ओढलं की नेहमीसारखी रांग लागेल."

"आपली गिऱ्हाइकं लावतात रांग. ही कोण कुठली."

"काकू तुझी ओरडत होती, ढकलू नका, सगळ्यांना मिळेल. तिच्या अंगावरून गेली गं माणसं."

"पोस्ट काढून टाकू?"

"थांब. डॉक्टर रक्त मागतायत. तिथेच लिही, रक्त द्यायला या म्हणून. तागे न्यायला आली, तशी येतील."

"लिहिलं."

"आलं का काही?"

"अंगठे आलेत, काका. खूप. रडके चेहरेपण."

"आणि माणसं?"

पुतणीने दवाखान्याच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं.