दोन बोटं कमी

सासरे : ...खिळा सरळच आहे गं. चित्रच कमी आहे. खालून चांगली दोन बोटं कमी!

सून : बाबा, सकाळपासून चौथ्यांदा उतरवून भिंगानं बघताय ते. जुन्या गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र, मोठं करून छापलेलं. भिंतीवर शोभतंय, झालं की.

सासरे : शोभतंय. पण याचा कोरीव ठोकळा आमच्या छापखान्यात होता. मी या हातांनी प्रती काढल्यात त्याच्या. वादळ आहे, गलबत आहे, शिडाच्या चिंध्यासुद्धा आहेत. आणि खाली पाण्यात एक माणूस होता, हात वर केलेला. तो कुठंय?

सून : फ्रेममध्ये मावला नसेल.

सासरे : मग फ्रेम मोठी करायची! माणूस कापतात होय? दे त्या दुकानदाराचा नंबर, चांगला फैलावर घेतो.

सून : त्याला नका बोलू. मीच सांगितलं कापायला.

सासरे : तू?

सून : तुमच्या वाढदिवसासाठी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. परवा आणायला गेले, त्यानं टेबलावर पसरलं, आणि मला त्या माणसाकडे बघवेना. म्हटलं, एवढं तेवढं काढून टाका.

सासरे : ...अकरा दिवस झाले ना, आमच्या चिरंजीवांचा जहाजावरून फोन नाही?

सून : बारा. भर समुद्रात रेंज नसते, तुम्हीच म्हणालात.

सासरे : म्हणालो, तुला धीर म्हणून. माझा जीव तरी कुठं थाऱ्यावर आहे? काहीतरी चाळा हवा, म्हणून या चित्राच्या मागे लागलोय.

सून : आणि मी तेच कपाट तिसऱ्यांदा आवरतेय.

सासरे : कंपनीच्या ऑफिसात विचारलंस?

सून : नंबर काढून ठेवलाय. बटण दाबायला बोट पुढे जात नाही.

सासरे : आण इकडे, मी लावतो.

सून : अहो, फोन उलटा धरलाय तुम्ही! द्या, मीच लावते. (फोन लावते.) हॅलो? तुमच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत ना, त्यांच्या घरून बोलतेय. बारा दिवस काहीच... हो, थांबते.

सासरे : काय म्हणतात?

सून : बघतायत. श्श! ...हो? कधी? आणि माणसं? सगळी ना? ...बरं. बरं. फार बरं झालं.

सासरे : अगं, बोल की!

सून : पहाटे बंदराला लागलंय. वादळात अँटेना मोडला होता, म्हणून संपर्क नव्हता. सगळे सुखरूप आहेत. संध्याकाळी फोन येईल.

सासरे : हं.

सून : बाबा... रडताय?

सासरे : छे! भिंगातून बघून बघून डोळे चुरचुरतायत.

सून : एक विचारू? तो पाण्यातला माणूस... गोष्टीत वाचतो का हो?

सासरे : काय माहीत, पोरी. हजारो प्रती छापल्या, पण पुस्तक वाचायला कधी सवडच झाली नाही.