साहेबाचा सगळ्यात चांगला वेल्डर

आमी राजापूरकडचे, खाडीकाठचे. बापूस होड्या बांधायचा, मी मात्र लोखंडाकडं ग्येलो, मुंबईत माजगावला मामाच्या खोलीवर राहून वेल्डिंग शिकलो आनि आणीबाणी उठली त्या सालात बायको-पोराला गावी ठेवून बहारीनला आलो. काय सांगू ताई, तुमी लिहून घेताय म्हनून बोलतो, विमानाचं दार उघडलं तर वाटलं कोनी भट्टीच उघडली तोंडासमोर. हिद्दच्या बाजूला वर्कशॉप, तेलाच्या टाक्या बनवायची, मागंच पत्र्याच्या खोलीत आमी आठजण.

मॅनेजर अमेरिकन, डॅनसाहेब. मानूस वाईट नाय हां, उगीच खोटं कशाला बोलू, आमच्यात जमिनीवर बसून चाय प्यायचा. मोडक्या हिंदीत सांगायचा, गोपाळ, आमच्या मुलखात कोनी विचारत नाय तू कुनाचा पोरगा, माजा बाप खाणीत होता, मी बघ कुठं आलो, मेहनत करनारा वर जातोच जातो. फोरमनची जागा निघाली की ती तुजी, मग तुला अमेरिकेला न्यायचं माज्याकडं लागलं. मी मानलं. का नाय माननार? तू वर जाशील असं मला जन्मात पयल्यांदा कोनीतरी बोललं होतं.

मग काम केलं ताई, काम केलं. टाकीच्या आत उतरायचं, बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडं चिकटंल, आत धूर, पानी प्यायलं की लगेच घामावाटं बाहेर. जोडाचा एक्स-रे काढायचे, माज्या जोडात कधी डाग निघाला नाय. दुसऱ्याचा फेल झाला की यल्ला गोपाळ, म्हंजे चल गोपाळ, तो बी मीच करायचा. आई वारल्याची तार आली तेव्हा बी मी टाकीतच होतो. साहेब बोलला, सॉरी गोपाळ, पण ही टाकी या हप्त्यात जायला पायजे, आनि तुजी जागा आता अगदी जवळ आली हाय. मी र्‍हायलो. आग भावानं दिली. मी जोड पुरा केला. तो बी पास झाला.

मग जुना फोरमन ग्येला. साहेबाच्या मुलखातनं नवा मानूस आला, तेला वेल्डिंगचा होल्डर बी धड धरता येईना. साहेब बोलला, गोपाळ, जरा दाखव तेला. तीन महिने दाखवलं, चौथ्या महिन्यात तो माजा फोरमन. त्या दिवशी मी हापिसात शिरलो, बूट बी काढले नाय, विचारलं, साहेब, माजं काय? तो बोलला, गोपाळ, तू माजा सगळ्यात चांगला वेल्डर, तुला टाकीतनं काढला तर टाकीत कोन जाईल? आनि हसला. पाठ थोपटली माजी.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज जोड वाईट करायचा. मुद्दाम भोक सोडलं, पुढं ग्येलो, हातभर ग्येलो आसंन, पन जीव लागंना. मागं आलो, घासून काढलं, परत भरलं. हातच ऐकंना ओ. तितं बसून रडलो मी, मास्कच्या आत.

डॅनसाहेब पुढच्या साली आपल्या घरी ग्येला, जाताना हात मिळवला, अमेरिकेचं नाव नाय काढलं. माजे डोळे आता कायम चुरचुरतात, एका रेघेच्या दोन दिसतात. डॉक्टरनं अनफिट लिहिलं, व्हिसा खलास, शुक्रवारी विमान हाय.

पोरगा मंगेश, आयटीआय झाला हाय, तो कागद लिहितो, बाबा, एजंट अमेरिकेला कामाला न्यायचं बोलतो, जाऊ का, मेहनत केली तर वर जाईन ना? काय सांगू तेला? जा बाबा, सुखी राहा, देव तुजं भलं करो. पन कोनी पाठ थोपटली की त्याच पावली विचार, मग माजं काय. मला ते विचारायला नऊ वर्षं लागली.