आइस्क्रीमच्या डब्यातले पीठ

जबाब. वार शनिवार. लिहिण्यास सुरुवात दुपारी ४ वाजून ३५ मिनिटांनी.

मी, कारखान्याच्या कँटीनमधील निवृत्त मुख्य स्वयंपाकीण, कामावर व ओळखीत 'डावबाई' या नावाने परिचित, वय ६१ वर्षे, सध्याचा व्यवसाय घरकाम, राहणार कारखान्याच्या वसाहतीत मुलीकडे, तिसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगी व जावई यांच्यासह राहते. कँटीनमध्ये मी एकवीस वर्षे नोकरी केली. रोज साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक असे. माझ्या हातचे खाऊन एकाचेही पोट कधी बिघडले नाही. हे वाक्य गुन्ह्याशी संबंधित नाही असे अंमलदार म्हणाले, पण मी आग्रह धरल्यामुळे ते लिहून घेतले आहे.

गेल्या शनिवारी आम्ही तिघे सात दिवसांच्या सुट्टीसाठी डोंगरावरच्या एका भाड्याच्या घरात उतरलो. ते घर या ठाण्यापासून सव्वीस किलोमीटरवर आहे. घराचे मालक तेथे राहत नाहीत. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत असते. जाहिरातीत 'सुसज्ज स्वयंपाकघर' असे लिहिले होते. प्रत्यक्षात दोन शेगड्या, त्यातली लहान धड पेटत नाही, एक तवा, तीन बोथट सुऱ्या आणि अकरा कप. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मुलीने मला निघण्यापूर्वीच बजावले होते, "आई, सुट्टी म्हणजे तुलाही सुट्टी. कमी भांड्यांत होईल तेवढंच करायचं." मी हो म्हणाले होते. परंतु माझे हात शिवशिवतात. आठवडाभर मी सोपेच पदार्थ केले. अंडी-बटाटा एकाच तव्यात, टोमॅटोचे सूप, नूडल्स, पॅनकेक. कोणी तक्रार केली नाही.

त्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक उघडे फडताळ आहे. त्यावर मालकांची चिठ्ठी चिकटवलेली आहे की, जाताना उरलेसुरले येथे ठेवा, पुढच्या पाहुण्यांना उपयोगी पडेल. आम्ही गेलो तेव्हा तेथे अर्धी बाटली तेल, मीठ, साखर, चहा आणि एका उंच काचेच्या बरणीत थोडे पीठ होते. आम्ही त्यातलेही वापरले. अन्न टाकणे माझ्या जिवावर येते, त्यामुळे ही पद्धत मला फार आवडली. घर सोडताना ते फडताळ मिळाले त्यापेक्षा भरलेले असावे असे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते.

आज सकाळी साडेआठच्या सुमारास मी स्वयंपाकघर आवरायला घेतले. साफसफाईला बाई येणार आहेत हे मला माहीत होते. तरीही घेतले. जावई दारातून म्हणाले, "आई, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय? दहाला निघायचंय." मी म्हणाले, "तुम्ही बॅगा भरा." सिंकखालचे कपाट पुसताना बादलीमागे मला आइस्क्रीमचा एक मोठा प्लास्टिकचा डबा सापडला. डब्यावर स्ट्रॉबेरीचे चित्र होते. झाकण घट्ट होते. आत पांढरी, बारीक, कोरडी पावडर होती, अंदाजे दोन कप. डब्यावर दुसरे काही लिहिलेले नव्हते.

मी पावडर हुंगली. वास आला नाही. दोन बोटांत चोळली. जिभेला लावली नाही. कोणीतरी आधीच्या पाहुण्याने पीठ चुकीच्या जागी ठेवले, तेथे ओल लागून फुकट जाईल, असे मला वाटले. मी ती सर्व पावडर उंच बरणीतल्या पिठात ओतली. आम्ही आणलेले उरलेले पीठही त्यात घातले आणि चमच्याने खालीवर केले. बरणी वरपर्यंत भरली. तिच्यावर मी कागदाची पट्टी चिकटवून 'पीठ' असे लिहिले. आइस्क्रीमचा डबा गरम पाण्याने धुऊन, पालथा घालून ठेवला.

त्यानंतर मी एका पूर्ण कागदावर 'या घरात होणारे पाच सोपे पदार्थ' असे लिहून तो फ्रिजला लावला. पहिल्या पदार्थाचा मजकूर मला तोंडपाठ आहे. तो असा: "पोहोचल्यावर दमला असाल, बाहेर जेवायला जाऊ नका. पॅनकेक करा. उंच बरणीतले पीठ दोन कप, अंडी दोन, दूध एक कप, साखर दोन चमचे. गुठळी राहू देऊ नये. मोठ्या शेगडीवर करा, लहान रुसते. लहान मुलांना चार-चार लागतील." पाककृती सांगत बसू नका असे अंमलदार म्हणाले. परंतु पुढे काय झाले ते या कागदामुळेच झाले, म्हणून तो लिहून घेणे जरूर आहे. सूपही घट्ट करण्यासाठी त्याच बरणीतले एक चमचा पीठ घ्यावे असे तिसऱ्या क्रमांकावर होते. कागदाखाली मी 'तुमची डावबाई' अशी सही केली होती.

आम्ही सकाळी दहा वाजता घर सोडले. खाली गावात आलो. बस दुपारी साडेतीनची होती. जेवण केले, मुलीने दोन चपला पाहिल्या, घेतल्या नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही बसस्थानकाच्या बाकावर बसलो होतो. तेव्हा त्या घराच्या साफसफाईच्या बाई समोरून आल्या. आमच्या आठवड्यात त्या एकदा चादरी बदलायला आल्या होत्या, त्यामुळे ओळख होती. त्या काम संपवून घरी चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, किती लख्ख ठेवलंत हो घर! मला कामच उरलं नाही." मला बरे वाटले. हे मी कबूल करते.

मग त्यांनी विचारले, "झुरळांचा फार त्रास झाला का तुम्हाला?"

मी म्हणाले, "नाही बाई, एकही दिसलं नाही. का?"

त्या म्हणाल्या, "नाही, पावडरीचा डबा अख्खा रिकामा दिसला. पिशवी फाटली होती म्हणून आइस्क्रीमच्या डब्यात भरून ठेवली होती मी. म्हटलं, एवढी कुठे मारली असेल!"

मुलीने माझा दंड धरला. मी बाईंना विचारले की नवे पाहुणे कधी येणार आहेत. त्या म्हणाल्या, "आले की. एक वाजताच आले. नवरा-बायको आणि एक चिमुरडी. गाडीतून उतरल्याबरोबर भूक भूक करत होती." मी विचारले, बरणी तुम्ही पाहिली का. त्या म्हणाल्या, "पाहिली ना, किती छान चिठ्ठी लावलीत! मीच त्यांना फ्रिजवरचा कागद दाखवून आले."

मालकांचा नंबर जावयांकडे होता. तो तीन वेळा लावला, बंद लागला. पाहुण्यांचा नंबर बाईंकडे नव्हता. बस समोर येऊन उभी राहिली होती. आमच्या बॅगा बाकावर तशाच टाकून आम्ही चौघे या ठाण्यात आलो, तेव्हा तीन वाजून बावीस मिनिटे झाली होती. मी अंमलदारांना म्हणाले, "आधी गाडी पाठवा, मग काय लिहायचं ते लिहा." त्यांनी तीन वाजून सव्वीस मिनिटांनी जीप रवाना केली व दवाखान्याच्या रुग्णवाहिकेलाही कळवले. रस्ता वळणांचा आहे. अर्ध्या तासाच्या आत पोहोचणे शक्य नाही असे मला सांगण्यात आले.

वाट पाहताना बाहेरच्या बाकावर जावयांनी मला हळू आवाजात काही सल्ला दिला. तो लिहून घेण्यासारखा नाही. त्यांनी तो माझ्या काळजीपोटी दिला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. साफसफाईच्या बाई रडत होत्या आणि प्रत्येक पोलिसाला सांगत होत्या की चूक माझीच, मी डब्यावर नाव घालायला हवे होते. बाईंनी डबा सिंकखाली, फिनेल आणि बादलीमागे ठेवला होता. त्यातली पावडर वर खाण्याच्या फडताळावर मी नेली.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मालकांचा फोन आला. त्यांनी पाहुण्यांचा नंबर दिला. अंमलदारांनी तो लावला. तिकडून लहान मुलीचा आवाज आला. अंमलदारांनी "पोलीस ठाण्यातून बोलतोय, घरात मोठं कोण आहे?" असे विचारताच ती गप्प झाली. फोन ठेवून देईल या भीतीने त्यांनी तो माझ्या हातात दिला. आमच्यात पुढील बोलणे झाले. टेबलाजवळचे सर्वजण ते ऐकत होते.

मी म्हणाले, "बाळा, फोन ठेवू नकोस हं. बाबा कुठे आहेत?"

"गाडीतलं सामान आणतायत. मी मागच्या पायरीवर आहे. इथेच रेंज येते."

"आणि आई?"

"आई बाथरूममध्ये आहे. तिला उलटी होतेय. तुम्ही कोण?"

"मी आधी त्या घरात राहत होते."

"तुम्ही डावबाई?" तिने विचारले. मग ती हसली. "आम्ही तुमचे पॅनकेक केले! मी चार खाल्ले. तुम्ही लिहिलं होतं ना चार, म्हणून. आईने दोन. बाबांना एकच दिला, ते म्हणाले मला खारट लागतंय."

अंमलदार हाताने खूण करत होते की बोलत राहा. मी म्हणाले, "आता अजिबात काही खायचं नाही. पळत जा आणि बाबांना फोन दे."

ती म्हणाली, "पळता नाही येणार. माझं पोट दुखतंय. आणि जीभ चुरचुरतेय." मग ती म्हणाली, "पण छान झाले होते, आजी."

नंतर तिने बाबांना हाक मारली. दोनदा मारली. ते आल्यावर अंमलदारांनी फोन माझ्या हातून घेतला. पलीकडचे गृहस्थ चिडले एवढे मला ऐकू आले. मला कोणीतरी पाणी दिले.

जीप व रुग्णवाहिका चार वाजून तीन मिनिटांनी पोहोचल्याचे वायरलेसवर कळले. तिघांनाही दवाखान्यात नेले. बरणी, तवा, आइस्क्रीमचा डबा आणि फ्रिजवरचा कागद पोलिसांनी ताब्यात घेतला. मला दवाखान्यात जाऊ द्यावे अशी मी दोनदा विनंती केली. आधी जबाब पुरा करा असे मला सांगण्यात आले. मला तेथे जाऊन काही करता येणार नाही हे मलाही कळते.

माझा जबाब चालू असताना पाच वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून फोन आला. गृहस्थांची प्रकृती ठीक आहे. त्यांच्या पत्नीला सलाईन लावले आहे, त्या बोलत आहेत. मुलीला ग्लानी येत होती म्हणून तिला मोठ्या रुग्णालयात हलवले आहे. तिचे वय सात वर्षे आहे हे मला तेव्हा समजले. ती जगेल ना, असे मी अंमलदारांना विचारले. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. मला अतिशय भीती वाटते आहे. हेही लिहा असे मीच सांगितले.

मी हे जाणूनबुजून केलेले नाही. त्या कुटुंबाला मी कधी पाहिलेले नाही. त्यांचे वाईट व्हावे असे माझ्या मनात असण्याचे कारण नाही.

येथपर्यंतचा जबाब मला अंमलदारांनी सावकाश वाचून दाखवला. वेळा, ठिकाणे आणि मापे बरोबर आहेत. मात्र एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ती माझ्या विनंतीवरून पुढे जोडली आहे.

मी डब्यातली पावडर बरणीत ओतत होते तेव्हा माझी मुलगी शेजारी उभी राहून कप पुसत होती. ती म्हणाली, "आई, पीठ कोणी सिंकखाली ठेवेल का गं?" मी तिला म्हणाले, "साडेतीनशे माणसं जेवायला घातलीत मी. तू मला पीठ ओळखायला शिकवू नकोस." तिने चमचा माझ्या हातात दिला.

ती गेले दोन तास बाहेरच्या बाकावर बसली आहे. तिने ही गोष्ट नवऱ्याला सांगितलेली नाही, पोलिसांना नाही, माझ्याकडेही त्या नजरेने एकदासुद्धा पाहिले नाही. आपण आणखी एकदा विचारायला हवे होते असे आता ती आयुष्यभर मनाशी म्हणत राहील. म्हणून लिहून ठेवा की तिने विचारले होते, आणि मी तिला गप्प बसवले. हे धरून माझा जबाब पुरा आणि खरा आहे, सबब खाली सही करते.