वाटूर फाट्यावर गाडीत बसून मुलगी पाहणं

तीन मे, रविवार. दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी वाऱ्याची झुळूक नाही... आणि अशा उकाड्यात, तुम्हाला सांगतो, आमचे दाजी गाडीतून उतरायला तयार नाहीत! अहो, भाच्यासाठी, कल्याणसाठी मुलगी पाहायला आलो, आणि जागा कोणती? वाटूर फाट्यावरचं नवं हॉटेल. गाडीतच बसायचं, हॉर्न द्यायचा, वेटर खिडकीला ताट अडकवतो. समोर मुलीकडच्यांची गाडी, आत मुलगी तृप्ती आणि तिचे वडील साहेबराव. कुणीतरी उतरून रामराम घालायला नको? दाजी म्हणतात, "आपण मुलाकडचे. उतरायचं न्हाई!"

'तुम्हीच या' असा निरोप देऊन वेटरला तिकडं धाडलं. तो परत आला, "साहेबराव म्हन्ले, जेवण आमच्याकडून हाय, पाहुण्यांनी इकडं यावं."

झालं! दोन बाप दोन काचांआड, मधे शेवभाजीचा वास... मागच्या सीटवरून माझी बहीण उषाताई करवादली, "तुमच्या मानापायी तीन मुली गेल्या! पोरगं चौतीसचं झालं!" खरंच हो, ही चौथीही जायची! कल्याणनं दाराला हात घातला की दाजी, "उतरायचं न्हाई!" पोरगं मांडीवर रस्सा सांडत काचेतून मान लांबवतंय, तिकडं तृप्तीही मान लांबवतीय... आणि मधे दाजींचा फेटा!

मंग दाजींनी माझ्या अंगावरून हात घालून हॉर्न धरला. इंजिन बंद, पंखा फुल, बॅटरी आधीच म्हातारी! तिकडून साहेबरावांचा हॉर्न... पोंऽऽ! पॉंऽऽ! आमचा आधी घोगरा झाला, मंग गप. चावी फिरवली तर नुसतं टक!

"दाजी, ढकलावी लागंल."

"ढकला की. मी उतरायचं न्हाई!"

मी स्टिअरिंगवर, वेटर ताटं सावरण्यात, कल्याण एकटा मागं. हलेल कशी? आत दाजी! तेवढ्यात समोरच्या गाडीचं दार उघडलं. तृप्ती ओढणी कमरेला खोचून आली, "मामा, दुसरा गिअर टाका! आन् तुम्ही हो, नुसतं बघून काय राह्यले? लावा जोर!"

आरशात पाहतो तर दोघं ढकलतायत, बोलतायत, हसतायत... क्लच सोडला की गाडी चालू होणार, आता तुम्हीच सांगा, मी तो लगेच कसा सोडणार?

"जल्दी चालू कर ना!" दाजी ओरडले.

"करून राह्यलो, दाजी!"

गाडी पेट्रोल पंपापाशी चालू झाली. साहेबराव मागून आले, काच खाली करून "पसंत" म्हणाले. सोयरीक पक्की झाली. दाजी अंबडला घरासमोर उतरले.