समोरच्या खिडकीतली कप्पी

देशा : हात काढ त्या कप्पीवरून, व्लाहो! दोरीवर माझे कपडे आहेत.

व्लाहो : कपड्यांचंच बोलायचंय, देशामावशी. असं खिडकीतून खिडकीत ओरडायचं का?

देशा : गल्ली केवढीशी! तुझी आई लसूण परतायची, तो माझ्या नाकात यायचा. आता काय येतं? तुझ्या भाडोत्री पाहुण्यांची ओकारी. काल एकजण माझ्या पायरीवर मुतला, आणि वर मलाच हात केला.

व्लाहो : चालायचंच. त्यांची जरा तक्रार आहे.

देशा : त्यांची?

व्लाहो : खिडकी उघडली की समोर तुमच्या त्या... ढगळ चड्ड्या. फोटोत येतात.

देशा : येऊ देत. शहराच्या तटबंदीवर फिरणारे माझ्या न्हाणीघरात डोकावतात, तेव्हा मी तक्रार करते? तटबंदीच्या आत अंगण कुठलं? एक कप्पी तुमच्याकडे, एक माझ्याकडे, मधे दोरी. जन्म गेला त्यावर.

व्लाहो : दोरी हवीच आहे हो! 'जिवंत दुब्रोव्हनिक शहर' असं खोलीच्या जाहिरातीत लिहिलंय मी. हे बघा, पांढऱ्या चादरी, लेसची झबली. रोज हेच वाळत घाला. तुमचं तुम्ही घरात वाळवा.

देशा : कोणाची झबली?

व्लाहो : कोणाचीच नाहीत. नवीन आहेत. थोडी भिजवून घातलीत तर बरं, ठिबकताना छान दिसतात.

देशा : शी! तुझं नाक पुसलंय रे मी या हातांनी.

व्लाहो : नाहीतर कप्पी काढावी लागेल. खिडकी माझी आहे.

देशा : आणि आई कोणाची होती? पाय गेले तिचे, तर खिडकीशी पलंग ओढून घेतला तिनं. रोज सकाळी दोरीला हिसका द्यायची. मी उलट द्यायचे. म्हणजे दोघी आहोत. एक दिवस आला नाही हिसका. दार मी फोडवलं. तू बोटीवर परक्यांना जेवण वाढत होतास.

व्लाहो : माहीत आहे.

देशा : मी अजून देते. सवयीनं.

व्लाहो : पाहुणे सांगतात ना. पहाटे कप्पी खडखडते म्हणून.

देशा : त्याचीही तक्रार? काढ मग. पेचकस आणलाच असशील.

(व्लाहो कप्पी काढतो. दोरी कपड्यांसकट गल्लीत लोंबते.)

व्लाहो : चादरी ठेवून घे हं, मावशी.

देशा : टाक इकडे. पायरी पुसायला होतील.

व्लाहो : पण... सकाळी तुझा हिसका आला नाही, तर कळायचं कसं?

देशा : वास सुटेल की. तुझे पाहुणे तक्रार करतील.